चुन्याचं बोट

जनावरं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. आता उलटं झालंय, ते असो.

रानातल्या तळ्याचा राखणदार दरसाल मतानं ठरायचा. यंदा हरीण आणि लांडगा उभे होते. ज्याला निवडायचं त्याच्या मडक्यात चिंचोका टाकायचा. त्याआधी म्हातारं कासव सगळ्यांसमोर प्रत्येक मडक्यात दहा चिंचोके टाकायचं, आणि दहाच्या दहा परत निघाले तरच मडक्याला चुन्याचं बोट लावायचं.

यंदा लांडग्यानं दोन्ही मडकी आणली, ती चुना लावूनच.

कासव म्हणालं, "हे बोट माझं नाही."

"एकाच कुंभाराची मडकी आहेत, बाबा. गेल्या साली एक तपासलंत, म्हणजे सगळी तपासली." लांडगा जवळ सरकला. "का माझ्यावर भरवसा नाही?"

सशीण तेवढी पुटपुटली, "बाबा, दहा चिंचोके टाकून बघा. माझी पिल्लं त्याच तळ्यावर पाणी पितात."

कासवानं मान आत ओढली आणि आतूनच म्हणालं, "खूण आहे ना? झालं तर."

हरणाच्या मडक्याला बुडाशी भोक होतं आणि खाली बीळ. चिंचोके बिळात गेले, दोन-चार तेवढे कडेला अडकून राहिले. लांडगा राखणदार झाला.

दुसऱ्या दिवसापासून सशिणीची पिल्लं कुणाला दिसली नाहीत. तहानेनं जीव जायला लागला तेव्हा कासव तळ्यावर गेलं. लांडगा काठावर पाय पसरून बसला होता.

"या, बाबा," असं म्हणून त्यानं कासवाला उताणं केलं. "हे कवच कधी कुणी तपासलंय का?"