पुसलेला नकाशा

एकदा एका किनाऱ्यावर, उपग्रहांनी टिपलेला समुद्र वाचणारे एक वयोवृद्ध अभ्यासक राहत होते. नेवगी सर त्यांचे नाव. त्यांच्याकडे रेवती कुबल नावाची मुलगी शिकायला आली. तिचे वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार. गावच्या खाडीमुखाशी मोठ्या यांत्रिक नौकांना मासेमारी करू द्यायची का, हे लवकरच ठरायचे होते. तिथे माशांची पिले वाढतात हे वडिलांना ठाऊक होते, पण सिद्ध करणार कोण? म्हणून रेवतीने उपग्रहाच्या माहितीवरून पाण्याच्या हिरवेपणाचा नकाशा करायला घेतला. जिथे पाणी हिरवे, तिथे पिलांना चारा.

माउसने इथे रंग भर, तिथले ढगांचे डाग हाताने वगळ, असे करत तिने मोठा देखणा नकाशा केला. सरांनी तो कौतुकाने पाहिला, एक प्रत छापून घेतली आणि संगणकावरचा नकाशा शांतपणे पुसून टाकला.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

रेवतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तिने केला. सरांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. एकात हिरवा पट्टा रुंद, दुसऱ्यात अरुंद.

"यातला खरा कोणता?"

दोन्ही तिच्याच हातचे, तरी पट्टा वेगळा, याची तिला लाज वाटली.

मग ती माउस बाजूला ठेवून संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसली. माहिती कुठून उतरवायची, ढग कसे गाळायचे, सरासरी काढून रंग कोणता द्यायचा, अशी एकेक आज्ञा टंकून तिने एका फाइलीत क्रमाने मांडली. सर नकाशा पुसतच राहिले. ती फाइल चालवणारी एक ओळ टंकायची आणि तोच नकाशा तस्साच परत यायचा. पण म्हाताऱ्याला हे काय खूळ लागले आहे, ते काही तिला उमगेना.

खाडीमुखाचा निर्णय करणाऱ्या सभेत रेवतीने नकाशा मांडला, तेव्हा नौकामालकांचे वकील उठले. "उपग्रहाच्या जुन्या माहितीत दोष होता. सुधारित माहिती आज सकाळीच आली आहे. तेव्हा हा नकाशा आता केराच्या टोपलीत टाकायचा."

वडील काळजीने तिच्या कानाशी कुजबुजले, "आता कसा गो होतला?"

रेवती उभी राहिली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या," म्हणाली, आणि सर्वांदेखत तिने तीच एक ओळ टंकली. नवी माहिती उतरू लागली. जेवणे उरकली तेव्हा पडद्यावर नवा नकाशा होता. बाहेरच्या समुद्रातला हिरवा रंग थोडा ओसरला होता, खाडीमुख मात्र पूर्वीपेक्षा गडद झाले होते. वकिलांनी शंका काढली, तेव्हा तिने आज्ञांची फाइलच त्यांच्या तज्ज्ञाच्या हाती दिली. त्याने ती स्वतःच्या संगणकावर चालवली, आणि तिथेही तोच नकाशा उमटला. माणूस सरळ होता, त्याने तसे सांगून टाकले.

खाडीमुख पिलांसाठी राखीव झाले, मोठ्या नौकांना तिथे बंदी आली. रापणकरांनी रेवतीला अक्षरशः खांद्यावर घेतले.

परतताना तिने सरांना विचारले, "पुसत का होतात?"

सर म्हणाले, "पहिला नकाशा फक्त तुलाच जमणारा होता, बाळ, आणि तुलाही तो दुसऱ्यांदा जमला नाही. त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे तुझ्या शब्दावर ठेवायचा. विरोधकाने तो का ठेवावा? आज त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्या वाटेने तो स्वतः चालून आला. नकाशा पुसला तरी वाट उरते की नाही, तेवढेच मी बघत होतो."

घरी आल्यावर तिने तो जिंकून देणारा नकाशा स्वतःच्या हाताने पुसला, एक ओळ टंकली, आणि वडिलांना शेजारी बसवून खाडी पुन्हा हिरवी होताना दाखवली.