नाव न घेता वाजलेले नगारे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तिच्यातल्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नव्हतं, मग मला कुठून आठवणार! पण राज्य डोंगराळ होतं, एवढं पक्कं. एका गावातून समोरचं गाव दिसायचं, पण दरी उतरून तिथं पोचायला अर्धा दिवस मोडायचा. म्हणून तिथली माणसं नगाऱ्यानं बोलायची.

प्रत्येक टेकाडावर एक नगारा. वाजवणाऱ्यानं आधी आपल्या नावाचा ठेका धरायचा, मग निरोप सांगायचा. पुढच्या टेकाडावरच्यानंही तसंच करायचं. आधी आपलं नाव, मग आलेला निरोप. आणि निरोप सुईणीसाठी असला, तर हातातलं काम टाकून तो आधी पुढं धाडायचा, मग बाळंतीण वैऱ्याच्या घरची का असेना.

हे नगारे मढवायची ठमाक्का. हात पक्का आणि जीभ त्याहून पक्की. कातडं ताणून झालं की एक टिचकी मारायची आणि म्हणायची, "बोल रे बाबा आता. खोटं बोललास तर फोडीन!"

ठमाक्काच्या गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायची एक मोठी पेढी होती. तिथलं कापड देशोदेशी जायचं. रंग मोठे देखणे, पण उरलेला गाळ सरळ ओढ्यात. खालच्या गावात गुरं पाण्याला तोंड लावीनात. पोरांच्या अंगावर फोड उठले. ठमाक्काच्या नातीच्या तर पायांची कातडी सोलून निघाली. पोर पाऊल टेकवायची आणि किंचाळायची.

ठमाक्का पेढीवर गेली. शेठ म्हणाला, "अहो बाई, ओढा वाहता आहे. वाहत्या पाण्याला कसला आलाय दोष?"

ती राजाकडे गेली. राजानं सगळं ऐकून घेतलं, अंगावरचं केशरी उपरणं सारखं केलं आणि म्हणाला, "बघतो." ते उपरणं कुठं रंगलं होतं, हे तुम्ही ओळखलंच असेल! तीनदा ती गेली आणि तीनदा त्यानं बघतो म्हटलं.

"बोलून झालं," ठमाक्का घरी येऊन म्हणाली. "आता बडवून बघू."

पेढीचा सगळा कारभार नगाऱ्यावर चालायचा. बैल कुठल्या घाटानं न्यायचे, कुठला गठ्ठा कुठल्या बाजारी धाडायचा, सगळं वरच्या टेकाडावरून वाजायचं. ठमाक्कानं आसपासच्या टेकाडांवर नगारा वाजवणाऱ्या नऊ जणी गाठल्या. ठरलं असं, की पेढीच्या नावाचा ठेका सुरू झाला रे झाला, की दहाही टेकाडांवर एकदम गोंगाट उठवायचा. नाव नाही, गाव नाही, नुसतं धडाधड बडवायचं.

आणि काय मजा झाली म्हणता! लग्नघरी पांढरं कापड गेलं आणि मठात हिरवी लुगडी. साधू लोक लुगड्यांकडे बघत बसले. बैल भलत्याच घाटात जाऊन अडकले. कोण बडवतंय ते कुणालाच कळेना. गावोगाव माणसं पोट धरधरून हसली, कारण हसण्यासारखं त्यांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत काही आलं नव्हतं. सहाव्या दिवशी शेठ घाम पुसत कारभाऱ्याला म्हणाला, "गाळासाठी खड्डे खणायला किती माणसं लागतील रे?"

अजून एक दिवस, की काम फत्ते!

सातव्या दिवशी दुपारी पेढीचा नगारा वाजला. नावाचा पहिला ठेका पडला मात्र, दहाही जणी तुटून पडल्या. पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. वरचा नगारची जीव खाऊन वाजवत राहिला, तशा या आणखी जोरानं बडवत राहिल्या. शेवटी वरचं कातडं फाटलं, तेव्हा यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि एकमेकींकडे बघून हात हलवले.

दुसऱ्या दिवशी सुईण ठमाक्काच्या दारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"काल हाक होती गं मला," ती म्हणाली. "पेढीपलीकडच्या रंगाऱ्याची बायको अडली होती. पेढीच्या नगाऱ्यानं हाक पुढं दिली, रीत आहे म्हणून. मला गोंगाटात काही कळलंच नाही. अखेर रंगारी तीन डोंगर पळत आला. बाई वाचली. बाळ नाही वाचलं."

ठमाक्कानं मढवायला घेतलेलं कातडं बाजूला ठेवून दिलं.

शेठला मात्र घबाड सापडलं. तो राजाकडे धावला. "महाराज, हे बिननावी नगारे माणसं मारतात. सगळे काढून घ्या. एक आमचा राहू द्या, तो आम्ही जपून वाजवू." राजानं दवंडी पिटली: तीन दिवसांत गुन्हेगार पुढं आला नाही, तर सगळे नगारे जप्त.

नऊ जणी ठमाक्काकडे आल्या. "गप्प राहा आक्का. कुणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना," ठमाक्का म्हणाली. "आणि नगारे गेले, तर उद्या अडलेल्या बाईनं हाक कशानं मारायची?"

ती भर दुपारी टेकाडावर चढली. आधी आपल्या नावाचा ठेका धरला. मग सावकाश, एक एक बोल सुटा करून वाजवलं: 'मी ठमा. गोंगाट मी केला. सुईणीची हाक मी बुडवली. आणि ओढ्यात विष पेढीचं आहे.' बाकी नऊ नावं तिनं घेतली नाहीत.

दरबार भरला. शेठ हसत म्हणाला, "बघा महाराज, तोंडानं कबूल झाली! ओढ्याचं काय, ते आपलं पाप झाकायला."

तेवढ्यात मागून एक माणूस पुढं आला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. तो रंगारी होता.

"या बाईनं माझं लेकरू नेलं," तो म्हणाला. "मी हिला माफ करायला आलो नाही. पण ती खोटं बोलत नाही. शेठच्या हुकमानं तो गाळ मीच रोज ओढ्यात ओतत होतो. लेकरू गेलं, तेव्हा कळलं, खालच्या लेकरांचं मी काय करत होतो."

राजानं खाली मान घालून आपलं उपरणं काढून ठेवलं. मग त्यानं निकाल दिला. पेढीनं महिन्याच्या आत खड्डे खणायचे, नाहीतर पेढी बंद. ठमाक्कानं सात वर्षं नगाऱ्याला हात लावायचा नाही आणि सुईणीला जिथून हाक येईल तिथं तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन जायचं.

शेठला खड्डे खणावेच लागले. गावानं ठमाक्काला हार घालायचा बेत केला, तर तिनं त्यांना दारातूनच पिटाळलं. ती डोंगर चढत राहिली, उतरत राहिली.

दोन वर्षांनी रंगाऱ्याच्या घरून हाक आली. गाठोडं घेऊन ठमाक्का दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. उंबरा ओलांडायचा धीर होईना.

रंगारी बाहेर आला. मग त्यानं तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं.

"या आत," तो म्हणाला. "पाणी तापवलंय. ओढ्याचंच आहे."

तात्पर्य: अन्यायाविरुद्ध आवाज जरूर उठवावा, पण तो आपल्या नावानं उठवावा, आणि त्यात दुसऱ्या दुबळ्याची हाक बुडत नाही ना, याकडे कान ठेवावा.