मिरीचा स्वार

लाकडी घोडे आपापसात कडाकडा भांडत असत, त्या काळातली ही गोष्ट.

दाजी चितारी प्रत्येक घोड्याबरोबर त्याचा स्वारही कोरायचे. घोडे फळीवर राहत, स्वार खालच्या खणात. दसऱ्याला सर्वांत उंच घोड्याच्या पाठीवर निशाण लावायचं, ही फळीवरची रीत.

वीतभर उंचीचा डोंगऱ्या म्हणाला, "निशाण माझंच. त्यात मोजायचं काय?"

"मोजायचंच," चार बोटं उंचीची मिरी घोडी म्हणाली. "उंच मी आहे."

सगळे खो खो हसले. "अगं, तू माझ्या गुडघ्याला तरी लागतेस का?" डोंगऱ्या म्हणाला.

मिरी निशाणापुढे पाय रोवून उभी राहिली. "फळीपासून मोजू नका. ज्याचा त्याचा स्वार शेजारी उभा करा. तोवर मी इथून हलणार नाही."

तिने खरंच सकाळची दुपार केली. शेवटी वैतागून घोड्यांनी दातांनी खण ओढला. डोंगऱ्याचा धिप्पाड स्वार त्याच्या शेजारी उभा राहिला, तर डोंगऱ्याची पाठ जेमतेम त्याच्या कमरेला लागली. मग मिरीचा करंगळीएवढा स्वार आला. त्याने टाचा उंचावल्या, तरी मिरीच्या पाठीपलीकडचं त्याला दिसेना.

निशाण मिरीच्या पाठीवर चढलं.

डोंगऱ्याने पडल्या आवाजात विचारलं, "मग मी कोण गं?"

"तट्टू," मिरी म्हणाली. "कोरताना दाजींनी तुला जवळून पाहिलं आणि मला लांबून, एवढंच."