रिकामा काठ

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक मोठे तळे होते आणि त्या तळ्याच्या पाण्यावर सारे जंगल जगत असे. दर वर्षी तिथे मुखिया निवडला जाई. निवडीची रीत सोपी होती. दोन उमेदवार तळ्याच्या समोरासमोरच्या काठांवर उभे राहत आणि ज्याला जो पसंत असेल, त्याच्या काठावर तो जाऊन थांबे. ज्याच्या काठावर गर्दी जास्त, तो मुखिया. कोणी कुठे चरायचे आणि पाण्यावर आधी कोणी उतरायचे, हे मुखियाच ठरवी.

त्या वर्षी एका काठावर म्हातारे सांबर उभे होते. गवत-पाला खाणाऱ्यांच्या पक्षाचे ते जुने पुढारी. पलीकडच्या काठावर होते रानडुक्कर. "मी मुखिया झालो, तर सकाळी सगळ्यांत आधी आपण तळ्यात लोळायचं," असे वचन त्याने आपल्या कळपाला दिले होते. ऊन रणरणत होते, तरी डुकरांचा कळप झाडून सारा आला. अगदी लंगडणारी म्हातारी डुकरीणसुद्धा आली. सांबराच्या काठावर मात्र थोडी वानरे, थोड्या नीलगायी आणि सावली शोधत फिरणारी काही हरणे होती. जंगलात सशांची संख्या मोठी, पण वरच्या माळावरून एकही ससा खाली उतरला नाही. सांबर पुन्हा पुन्हा माळाच्या वाटेकडे पाहत राहिले. शेवटी ऊन कलले, मोजणी झाली आणि रानडुक्कर मुखिया झाले.

दुसऱ्या दिवशी वडाखाली हरलेल्या पक्षाची बैठक भरली. वानर तावातावाने म्हणाला, "या म्हाताऱ्याला आता ओळखतं कोण? पुढारीच बदलायला हवा होता!"

"पुढाऱ्याचं काय घेऊन बसलास?" नीलगाय म्हणाली. "दगा दिला तो सशांनी. आधी त्यांना पक्षातून काढा."

"आणि माळावर जाऊन सशांना बोलावण्याचं काम कोणाकडे होतं? तुझ्याकडेच ना?" वानर उसळून म्हणाला.

सांबर मध्ये पडले. "हरलो तो मी. पुढारीपण आजच सोडतो. पण तुम्ही आपसात भांडू नका." त्याचे बोलणे कोणाच्या कानांपर्यंत पोचलेच नाही. संध्याकाळपर्यंत एका पक्षाचे दोन पक्ष झाले. एक वानराचा, एक नीलगायीचा. आणि दोघेही म्हणू लागले, खरा पक्ष आमचाच. सांबर वडाखाली एकटेच उरले. हरल्याचे दुःख त्याला होतेच. पण काल आपल्या काठावर खांद्याला खांदा लावून उभे असलेले आज एकमेकांकडे पाठ फिरवून गेले, हे त्याला अधिक लागले.

त्याच्या मनात आले, 'सशांबद्दल जो तो बोलतो आहे. सशांना मात्र कोणी विचारलेले नाही.' सकाळ होताच ते माळाकडे निघाले. वाट घाणेरीच्या झुडपांनी पार बुजून गेली होती. शिंगे अडकत होती, अंगावर ओरखडे उठत होते. आपण या वाटेने किती काळ आलोच नाही, हे तेव्हा त्याला कळले.

माळावर बिळाच्या तोंडाशी एक सशीण बसली होती. ती गडबडून उठली. "काका, तुम्ही? या ना. पण पुढ्यात ठेवायला काही नाही हो. गवत सगळं जळून गेलंय."

"जळून गेलं? कधी?"

"उन्हाळ्याच्या तोंडाला वणवा लागला होता. आम्ही खाली निरोप धाडला. निवडणूक झाल्यावर बघू, असं तुमच्या पक्षाकडून उत्तर आलं."

सांबराने मान खाली घातली. "तो निरोप मला मिळाला नाही, पोरी. पण निरोपाची वाट कशाला पाहायची? मी स्वतः यायला हवं होतं. चुकलं माझं."

सशिणीचे डोळे भरून आले. "चुकलं माझंही, काका. त्या दिवशी मी इथंच उभी होते. वाटलं, कोणीही मुखिया झालं तरी आपल्याला काय फरक पडतो? आणि एवढ्या जणांत मी एक नसले, तर कोणाला कळणार? प्रत्येक बिळात हेच बोलणं चाललं होतं. आता डुकरं लोळून गेली की उरलेला गाळ आमच्या वाट्याला येतो. धाकटं तर पाण्याला तोंडच लावत नाही."

सांबर तिला रागावले नाही. ते मागे वळले आणि शिंगांनी वाटेवरची झुडपे मोडू लागले. सशिणीने विचारले, "तुम्ही आता पुढारी नाही, मग हे कशासाठी?"

"पुढारी असताना करायचं राहून गेलं म्हणून," सांबर म्हणाले.

वाट मोकळी होताच त्याने सशांना आपल्या कळपाच्या हिरव्या उतारावर चरायला आणले. नीलगायीने ते दुरून पाहिले. थोडी बाजूला सरकून तिने जागा करून दिली. पुढे वानरही आला आणि झाडावरून कोवळा पाला खाली टाकू लागला. दोन पक्षांची गोष्ट हळूहळू कोणी काढेनासे झाले.

पुढच्या निवडणुकीला नीलगाय उभी राहिली. सांबर गर्दीत मागे थांबले. सशीण आपल्या साऱ्या गोतावळ्यासह माळ उतरून आली. काठावर एवढी दाटी झाली की काही ससे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मोजणी झाली. रानडुक्कर पुन्हा जिंकले, पण अगदी थोडक्यात.

"सगळे आले, तरी हरलोच!" वानर कळवळून म्हणाला.

रानडुक्कर मात्र आनंदाने नाचले नाही. समोरचा भरलेला काठ ते बराच वेळ पाहत राहिले. एवढ्या जणांना गाळ पाजून मुखियापण टिकणार नाही, हे त्याला उमगले. त्याने मोठ्याने जाहीर केले, "उद्यापासून सकाळचं पाणी पिणाऱ्यांचं. लोळायचं ते दुपारी." त्याचा कळप कुरकुरला, पण ते हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याचे पाणी इतके नितळ होते की तळ दिसत होता. सशिणीचे धाकटे पिल्लू काठावर वाकले आणि पोटभर पाणी प्यायले.

तात्पर्य : 'मी एकटा गेलो नाही तर काय बिघडते' असे म्हणून घरी बसणाऱ्याचेच आधी बिघडते, आणि हरल्यावर दोष कोणाचा हे शोधत बसण्यापेक्षा, जे आले नाहीत त्यांच्या दारी जाऊन कारण विचारावे.