फक्त हिंदुरावाचं ऐकणारी गाडी

एका गावात एक मोटारसायकल होती, आणि तिच्यापेक्षा तिचा मालकच जास्त आवाज करायचा. मालकाचं नाव हिंदुराव. त्याची बायको वैजंता परसात कोंबड्या पाळायची आणि हिंदुराव अंडी गाडीवर बांधून तालुक्याच्या बाजारात नेऊन विकायचा. घर त्यावरच चालायचं. अंडी नेणाऱ्याने रस्त्याशी गोडीगुलाबीने वागायला हवं. हिंदुराव रस्त्याशी तसा वागायचाही. त्याची जोरजबरदस्ती होती ती फक्त बोलण्यात.

एकदा बाजारातून रिकामा परत येताना तो मागे वळून कुणाला तरी हाक मारत होता. गाडी थेट मैलाच्या दगडावर गेली. माणूस वाचला, पण गाडीचा दिवा फुटला, मडगार्ड चेपलं आणि पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं तो फोर्क वाकला. गावात येऊन हिंदुरावाने सांगितलं, "दगड मधी आला." दगड बापजाद्यांच्या काळापासून तिथेच होता. पण हिंदुरावाच्या तोंडी कोण लागणार?

गावात बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने गाडी पाहिली आणि म्हणाला, "दिवा, मडगार्ड नंतर बगू. आधी फोर्क बदलाय पायजे. न्हाईतर गाडी डावीकडं वढणार."

"वढू दे की," हिंदुराव म्हणाला. "मी उजवीकडं वढतो. मालक कोण, ती का मी?"

दिवा नवा बसला, मडगार्ड ठोकून सरळ झालं, फोर्क तसाच राहिला. गाडी डावीकडे ओढायची, हिंदुराव तिला उजवीकडे ओढायचा, आणि या भांडणात गाडी कशीबशी सरळ जायची. हळूहळू त्याला ते इतकं अंगवळणी पडलं की भांडण चाललंय हेही तो विसरला.

वैजंताला गाडी चालवता येत होती. माहेरी भावाच्या गाडीवर ती शिकली होती. एकदा तिने ही गाडी घेतली, तर ती निघाली सरळ आणि पोचली डावीकडच्या कुंपणात. नंतर हिंदुरावाच्या एका मित्राने हौस केली, तो नांगरलेल्या रानात जाऊन पडला. पडणाऱ्याला उठवायचं सोडून हिंदुराव मिशीला पीळ द्यायचा आणि म्हणायचा, "ही गाडी फकस्त माजंच ऐकती!" गावालाही ते पटलं. वाकडेपणाचं असंच असतं. तो जरा जुना झाला की लोक त्याला कसब म्हणायला लागतात.

मग एका खड्ड्यात फोर्कचं सील फुटलं. आतलं तेल गळून पुढच्या ब्रेकवर उतरलं, आणि बाजाराच्या उतारावर गाडी थांबता थांबेना. त्या दिवशी अंडी वाचली ती नशिबाने. घरी आल्यावर वैजंताने गाडीची चावीच काढून घेतली.

"गाडी सरळ झाल्याबिगर माजं एक अंडं बी तिच्यावर चढणार न्हाई," ती म्हणाली.

घरात हिंदुरावाचा आवाज मोठा होता, पण कोंबड्या वैजंताच्या होत्या. गाडी बाबालालकडे गेली.

बाबालालने पुढचं चाक उतरवलं, फोर्क सोडवला आणि त्याचे पाईप काचेच्या तुकड्यावर ठेवून लोळवले. सरळ पाईप काचेवर गुपचूप लोळतो. हे दोन्ही कमीजास्त उड्या मारत होते. हिंदुराव म्हणाला, "ह्यो जास्त वाकलाय, त्यवढाच बदल."

"एक ताजा बैल आन् एक लंगडा जुंपला तर नांगर कुटं जाईल?" बाबालालने विचारलं, आणि शहरातून दोन्ही नवे मागवले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून त्याने चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तपासली; ती शाबूत होती. नवे पाईप बसवले, दोन्हींत सारखं तेल भरलं, नट आवळले. मग स्वतः गाडी घेऊन कालव्याच्या रस्त्याने गेला आणि हँडलवरचे हात क्षणभर उचलले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली.

"आधी जरा रिकामी फिरवा," गाडी देताना तो म्हणाला. "हात बसू दे."

"ह्या गाडीवर हात बसवायला तू मला शिकवतोस?" हिंदुराव हसला. घरी जाऊन त्याने अंड्यांचे ट्रे मागे बांधले आणि बाजाराला निघाला.

तो पारापर्यंतही पोचला नाही. गाडी सरळ निघाली होती, पण सवयीने त्याने तिला उजवीकडे ओढलं, आणि गाडी, अंडी आणि मालक असे तिघेही उजवीकडच्या उकिरड्यात गेले. फोर्कला धक्का लागला नाही, उकिरडा मऊ होता. अंडं मात्र एकही राहिलं नाही. वैजंताची आठवड्याची मेहनत कुत्र्यांनी चाटून खाल्ली.

शेण झटकत हिंदुराव गॅरेजवर आला, आणि काय तो आवाज! "चांगली चालती गाडी बिघडवली ह्या मिस्त्रीनं! आता माजंबी ऐकत न्हाई!" लोक जमले. जी गाडी एवढे दिवस फक्त हिंदुरावाचं ऐकत होती ती त्यालाही पाडते, म्हणजे मिस्त्रीनेच घोळ केला असणार. सगळ्यांनी दुरुस्तीला लावलेल्या आपापल्या गाड्या तिथूनच ढकलत परत नेल्या.

बाबालाल वाद घालत बसला नाही. त्याने दोरी काढली आणि सगळ्यांसमोर गाडी पुन्हा तपासली. आपली चूक असेल तर आपल्याला आधी कळावी, असा त्याचा स्वभाव होता. चूक नव्हती.

हिंदुरावाने आवाज जरा खाली आणला. "हे बग, फोर्क होता तसा कर. वाईच वाकीव. मग मी गावाला सांगतो, मिस्त्री चांगला हाय."

काम सोपं होतं. लांब पहार अडकवून एक जोर दिला असता तर गिऱ्हाईक खूश आणि गाव गप्प. बाबालालने गॅरेजकडे पाहिलं. सकाळी तिथे गाड्यांची रांग होती, आता नुसते तेलाचे डाग होते. त्याला वाईट वाटलं, पण हात पहारेकडे गेला नाही.

"सरळ केल्यालं वाकडं कराय माजा हात उठत न्हाई, हिंदुराव. दुसरा मिस्त्री बगा," तो म्हणाला. "पर त्याआधी दुसऱ्या कुणाला तरी ही गाडी चालवू द्या."

कोणी पुढे आलं नाही. कुंपण आणि नांगरलेलं रान सगळ्यांना आठवत होतं. तेवढ्यात गर्दीतून वैजंता आली. हातात अंड्यांचा एक ट्रे होता, घरात उरलेला शेवटचा.

"मी चालवते," ती म्हणाली.

"वैनी, आधी रिकामी न्या," बाबालाल म्हणाला.

"का? तुमचा तुमच्या कामावर भरवसा न्हाई?"

"हाय."

"मग बांदा ट्रे."

शेजारीच शाळेचं मैदान होतं. शर्यतींसाठी तिथे फक्कीची लांब पांढरी रेघ आखलेली होती. वैजंताने पदर खोचला, गाडी रेघेवर आणली आणि निघाली. हात सैल, मान ताठ. रेघेच्या टोकाला गाडी वळवून ती त्याच रेघेवरून परत आली. लोकांनी वाकून पाहिलं, तर चाकाचा ठसा पांढऱ्या रेघेच्या बाहेर कुठेच नव्हता. ट्रेमधली सगळी अंडी जागच्या जागी होती.

ती खाली उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, फोर्क नवा बसला. मनगाट जुनंच हाय."

सगळे हिंदुरावाच्या तोंडाकडे पाहू लागले. आता काय गडगडाट होतो! हिंदुरावाने तोंड उघडलंही. पण मध्ये यायला आज दगडसुद्धा नव्हता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. नुसता उभा असतानाही त्याचा उजवा खांदा ओढल्यासारखा झुकलेला होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "गाडी सरळ हाय. मीच वाकडा हाय. ह्ये दुरुस्त करून देतोस का?"

"त्याचं सामान माज्याकडं मिळत न्हाई," बाबालाल हसून म्हणाला. "घरात मिळंल."

दुसऱ्या दिवसापासून हिंदुराव रिकामी गाडी घेऊन मैदानावर जाऊ लागला. मागे वैजंता बसायची. हात ओढू लागला की ती त्याच्या उजव्या खांद्यावर टिचकी मारायची. पहिल्यांदा टिचक्यांचा पाऊस पडला, मग सर आली, मग नुसते शिंतोडे. ज्या तोंडाने त्याने मिस्त्रीची बदनामी केली होती, त्याच तोंडाने तो आता घरोघरी सांगत सुटला की चूक माझी होती. तोंड मोठं होतंच, यावेळी ते कामी आलं. गॅरेजसमोर गाड्यांची रांग पुन्हा लागली.

अंडी घेऊन दोघं बाजाराला निघाले तेव्हा हिंदुरावाने वाटेत मैलाच्या दगडापाशी गाडी थांबवली. त्याच्या धडकेने दगड एका अंगाला कलला होता. हिंदुरावाने खांदा लावून तो उभा केला आणि बुडाशी माती दाबली.

"दगड मधी आला न्हवता," तो दगडाकडे बघतच म्हणाला. "मीच गेलो हुतो."

"मला ठाव हाय," वैजंता म्हणाली. "दगडाला बी ठाव हाय. तुमचंच तेवढं ऱ्हायलं हुतं."

तात्पर्य: वाकड्याला सांभाळता सांभाळता आपला हात कधी वाकडा होतो ते कळत नाही, म्हणून सरळ गोष्ट वाकडी वाटू लागली, की तिला बोल लावण्याआधी आपला हात तपासावा.