चोपदाराच्या तोंडातला लाडू

एक होता राजा, आणि राजाहून मोठा होता त्याच्या चोपदाराचा गळा. चोपदाराचं नाव रायाजी. राजाचं पाऊल जमिनीला लागलं रे लागलं, की हा ओरडायचा, ‘निगाऽऽ रखोऽऽ! महाराज येताहेत होऽऽ!’ झोपेतसुद्धा ओरडायचा, बरं का. बायको बिचारी कानात कापूस घालून निजायची.

राजाचं रान फार मोठं. अलीकडे वाळवंट, मध्ये खडकाळ डोंगर, पलीकडे बर्फाचे कडे. शेजारच्या राजाला शिकारीचा भारी नाद, आणि त्या रानावर त्याचा डोळा. तो लबाड म्हणाला, ‘तुझ्या रानात चिटपाखरू नाही. एक तरी जनावर मला दाखव, नाहीतर रान माझं!’ आपला राजा भोळा. लावली की हो पैज!

मग निघाले तिघं, दोन्ही राजे आणि रायाजी. वाळवंटात झुडपाआड माळढोक उभा होता, चांगला तुमच्याएवढा उंच. राजा उंटावरून उतरला. ‘निगाऽऽ रखोऽऽ!’ दोन्ही राजांनी मान वळवेपर्यंत पक्षी पसार.

मग आला खडकाळ डोंगर. वर रानबकरे चरत होते. रायाजीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती! राजा उतरला आणि हात आपोआप सुटले. राजांची नजर वर जाण्याआधीच बकरे कुठल्या कुठे गेले.

रायाजी ढसाढसा रडला. ‘महाराज, माझ्या गळ्यापायी रान जाणार. सगळी जनावरं मरणार हो!’

मग आले बर्फाचे कडे. रायाजीला शिदोरी आठवली. बायकोने तिळाचे लाडू दिले होते. पाक पुढे गेलेला, लाडू नुसते दगड! घरी त्याने केवढी कुरकुर केली होती. आता सगळ्यांत मोठा लाडू त्याने तोंडात कोंबला. राजा उतरला. रायाजी करतो काय, तर ‘म्म्म्म!’

आणि समोरचा धोंडा हलला. धोंडा कसला, हिमबिबट्या! जाडजूड शेपूट गोधडीसारखी अंगावर घेऊन बसला होता. दोन्ही राजांनी त्याला डोळे भरून पाहिलं. आपल्या राजाला तर आनंदाने रडूच आलं.

शेजारचा मात्र चिडला. त्याने हळूच धनुष्याला बाण लावला. ते पाहिलं एकट्या रायाजीने. ओरडायला जातो तर दात चिकटलेले! मग त्याने सगळा जोर लावला. कडाड्! लाडू फुटला, एक दातही गेला.

‘निगाऽऽ रखोऽऽ! रानाचे महाराज येताहेत होऽऽ!’

बिबट्याने एकच उडी घेतली, थेट पलीकडच्या कड्यावर. बाण गेला फुकट. आणि त्या आवाजाने वरचं बर्फ धबाक्कन खाली आलं. शेजारचा राजा गळ्यापर्यंत बर्फात!

‘काढा मला, काढा!’

आपला राजा म्हणाला, ‘आधी सांग, रान कोणाचं?’

‘तुमचं, बाबा, तुमचं! पुन्हा धनुष्य धरणार नाही!’

मग त्याला बाहेर काढून वाजतगाजत सगळे घरी आले. राजाने रायाजीला सोन्याचा दात बसवला. रायाजी बायकोला म्हणाला, ‘काय झकास झाला होता गं लाडू!’

तिकडे रान सुखात राहिलं, इकडे राजा सुखात राहिला. बिबट्याने शेपूट पांघरली, आता तुम्ही गोधडी पांघरा. आणि चोपदारासारखं ओरडायचं नाही हं. लाडू आहेत माझ्याकडे!