तीनशे चाळीस पावलं

गुडघेदुखीचं तेल कातळगडावर फुकट मिळायचं, आणि कातळगडाला तीनशे चाळीस पायऱ्या होत्या. राजा रणधीररावांचा नियमच होता तसा: ज्याचे गुडघे दुखतात त्यानं स्वतः वर यावं, दुसऱ्याला पाठवू नये. जे म्हातारे येत नसत, त्यांना काही दुखत नाही असं दिवाण भिकाजीपंत लिहून ठेवत. एकदा एक आजोबा कसेबसे वर पोचले, तेव्हा पंत म्हणाले, "इतक्या पायऱ्या चढलात, म्हणजे गुडघे ठणठणीत आहेत की." आजोबा रिकाम्या हातानं परतले. तेलाचे रांजण काठोकाठ भरलेले राहिले, आणि आमच्या राज्यात कुणाचे गुडघेच दुखत नाहीत, असं महाराज पाहुण्यांना सांगू लागले.

गडाखालच्या गावात हौसा नावाची बुरुडाची मुलगी राहायची. तिची आजी ठकूबाई टोपल्या विणण्यात पटाईत. हात अजून तसेच चालत होते, पण टोपली विणायला जमिनीवर बसावं लागतं, आणि बसलेल्या आजीला उठवायला दोन माणसं लागत. म्हणून विणणं सुटलं. पुढं नदीवरची अंघोळ सुटली, बाजार सुटला. परवा हौसाच्या लक्षात आलं की आजी पाणीसुद्धा मोजकंच पिते. परसात पुन्हा पुन्हा जावं लागू नये, म्हणून.

त्याच दिवशी हौसा रिकामी बुधली घेऊन गडावर गेली.

"आजी कुठं आहे?" पंतांनी विचारलं.

"घरी. तिला पायऱ्या चढवत नाहीत."

"मग तिनं वर येऊन तसं सांगायला हवं."

"ती वर येऊ शकली असती, तर सांगायला काय उरलं असतं, पंत?"

दरबारात खसखस पिकली. महाराजांना मात्र राग आला. तिशीतला धट्टाकट्टा माणूस, रोज सकाळी गड चढायचा.

"मी मोजून तीनशे चाळीस पावलं टाकतो," ते म्हणाले. "पायऱ्या मला जेवढ्या, तेवढ्याच तुझ्या आजीला. दगड काय माणूस बघून वाढतात?"

"वाढतात, महाराज. आजीला दुप्पट होतात."

"असं? मग उद्या सकाळी एकही दगड न वाढवता या पायऱ्या दुप्पट करून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर सगळं तेल गडावरच्या दिव्यांत जाईल, आणि पुन्हा कुणी गुडघ्याचं नाव काढायचं नाही."

हौसा घरी आली ती काळजीनं काळवंडून. आपल्या एका बोलण्यापायी सगळ्या गावाचं तेल जाणार होतं. अंगणात शिरताना तिनं आजीला दारापुढच्या ओट्यावर चढताना पाहिलं, आणि ती तिथंच थांबून बघत राहिली. मग ती बापाकडं गेली आणि बांबूच्या आठ कामट्या मागून घेतल्या.

सकाळी महाराज सगळ्या लवाजम्यासह पहिल्या पायरीशी हजर झाले.

"पंत मोजतील," ते म्हणाले. "पाऊल पडलं की एक."

"चालेल," हौसा म्हणाली. "पण महाराजांनी माझ्या आजीच्या गुडघ्यांनी चढावं."

"ते कुठून आणणार?"

"आणलेत." तिनं महाराजांच्या दोन्ही गुडघ्यांना मागून-पुढून कामट्या लावल्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी घट्ट आवळल्या. महाराजांना गंमत वाटली. शब्द तर दिलाच होता. ते निघाले.

गुडघा वाकेना. उजवा पाय बाजूनं उचलून पायरीवर ठेवायचा, मग डावा ओढत त्याच पायरीवर आणायचा.

"एक," पंत म्हणाले. "दोन."

"काय डौलदार चाल!" मानकरी म्हणाले.

तिसाव्या पायरीला महाराजांच्या डोक्यावरचा मंदिल कानावर आला. पन्नासाव्या पायरीला त्यांना बसावंसं वाटलं. बसवायला दोन हुजरे लागले, उठवायला चार. पुढं ते एका झुडपाआड गेले आणि तसेच परत आले. खाली बसणं जमलं नव्हतं. हुजऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको," महाराज घाईनं म्हणाले. मग ते हौसाकडं बघतच राहिले.

ऊन चढलं. पंत आकडे म्हणत होते.

"तीनशे एकोणचाळीस. तीनशे चाळीस. महाराज, गड आला."

महाराजांनी घाम पुसून वर पाहिलं. गाव जितकं खाली होतं, तितकाच दरवाजा अजून वर होता.

"पंत, दरवाजा कुठं आहे?"

"मोजणीप्रमाणे आपण दरवाज्यातच उभे आहोत, महाराज."

हौसा म्हणाली, "एकही दगड वाढवलेला नाही. नुसतं दर दगडावर पाऊल दोनदा पडलं. आणि मी फक्त गुडघे बांधलेत, महाराज. दुखणं दिलेलं नाही. ते दिलं तर किती पायऱ्या होतील, हे पंतांनी सांगावं."

महाराजांना असं हसू फुटलं, की कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

"सोडा या कामट्या," ते म्हणाले, "आणि पंतांना बांधा. तेल आजपासून गावात वाटलं जाईल. पहिली घागर पंत घेऊन जातील, पायी. आता तुला काय हवं ते माग, पोरी."

"आमच्या गल्लीत तुळसाआजी राहते. तिच्या दाराशी तीन उंच पायऱ्या आहेत. त्यांच्यापायी माझी आजी दिवाळीपासून तिला भेटलेली नाही. तेवढ्याच उंचीत सहा बुटक्या पायऱ्या करून हव्यात."

"पुन्हा दुप्पट?"

"हो. पण या वेळी दगड लागतील, महाराज."

महाराज पुन्हा हसले आणि त्यांनी गडाचा गवंडी तिच्याबरोबर धाडला. सहा पायऱ्या चार दिवसांत बांधून झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी ठकूबाई त्या चढून गेली, आणि दिवेलागणीपर्यंत काही खाली उतरली नाही.